गुलमोहराच्या पाटीवर ‘फ्रेंच गव्हर्नर पॉइन्सी’: मजकूर बरोबर आहे का?

पारिजात_नेरुळ | शनिवार, सकाळी १०:१५

आमच्या नेरुळच्या सोसायटीत आवार आणि बाहेरची रस्त्याकडेची रांग धरून ११ गुलमोहर आणि ७ शंकासूर आहेत. पावसाळ्याआधी सगळ्यांना माहितीच्या पाट्या लावायच्या आहेत. समितीकडे तयार झालेला मजकूर असा:

‘गुलमोहर. शास्त्रीय नाव पॉइन्सियाना रेजिया. सोळाव्या शतकातील फ्रेंच गव्हर्नर पॉइन्सी याने हे झाड कॅरिबियन बेटांवर लावले व तेथून ते जगभर गेले.’

छापायला देण्याआधी चार गोष्टी पक्क्या करायच्या आहेत.

१. हा पॉइन्सी नक्की कोण आणि कोणत्या काळातला?
२. त्याला कोणी नेमलं? एका ठिकाणी व्यापारी कंपनीने, दुसरीकडे फ्रान्सच्या राजाने, तिसरीकडे माल्टाच्या नाइट लोकांनी असं लिहिलेलं आहे. तिन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?
३. गुलमोहर त्याने लावला का?
४. तो गुलामांचा मालक होता असंही वाचलं. मग पाटीवर त्याचं नाव घालावं का, आणि घातलं तर काय शब्दांत?

पाटीवर जागा ६०-७० शब्दांची आहे.

---

झाडपाला_ठाणे | शनिवार, दुपारी १२:०२

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यावर अख्खी पाटी बदलेल. नाही, त्याने गुलमोहर लावला नाही. त्याने गुलमोहर पाहिलासुद्धा नसणार. तो १६६० मध्ये वारला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि युरोपीय वनस्पतीशास्त्राला तो कळला १८२०च्या दशकात. वनस्पतीशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोयर याने तो मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर पाहिला, त्याने दिलेलं ‘पॉइन्सियाना रेजिया’ हे नाव आणि वर्णन १८२९ मध्ये छापलं गेलं. मधे १६९ वर्षं गेली.

गव्हर्नरचं नाव खरं तर तुमच्या त्या सात शंकासुरांना मिळालं होतं. फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ तूर्नफोर याने १७०० च्या सुमारास शंकासुराच्या वंशाला ‘पॉइन्सियाना’ म्हटलं, प्वॅंसीच्या (म्हणजे तुमच्या पाटीवरच्या पॉइन्सीच्या) सन्मानार्थ. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव उचललं: पॉइन्सियाना पल्चेरिमा, म्हणजे ‘सर्वांत सुंदर’. पुढे बोयरला गुलमोहराचं फूल शंकासुराच्या जवळचं वाटलं म्हणून त्यानेही त्याच वंशात टाकलं. गुलमोहराला हे नाव शंकासुराकडून उसनं आलेलं आहे.

आज दोन्ही नावं चालत नाहीत. शंकासूर १७९१ मध्ये सिसॅल्पिनिया वंशात गेला, म्हणून सिसॅल्पिनिया पल्चेरिमा. गुलमोहर राफिनेस्क या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या वर्गीकरणात डेलोनिक्स झाला, म्हणून डेलोनिक्स रेजिया. डेलोनिक्स म्हणजे ‘स्पष्ट दिसणारं नख’. पाकळी खाली निमुळती होऊन देठासारखी होते, त्या भागाला वनस्पतीशास्त्रात नख म्हणतात. खाली पडलेलं एक फूल उचलून पाकळ्या एकेक सोडवल्या की ते लगेच दिसतं. चार पाकळ्या लालभडक, पाचवी पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल रेघा आणि ठिपके. पाचही आपापल्या लांब नखावर उभ्या असतात. मुलं ज्यांच्या टोकात टोक अडकवून झुंज लावतात ते दहा पुंकेसर मधोमध.

इंग्रजीत गुलमोहराला अजून ‘रॉयल पॉइन्सियाना’ म्हणतात, त्यामुळे गैरसमज जात नाही. त्यात भर म्हणजे सेंट किट्स अँड नेव्हिस या देशाचं राष्ट्रीय फूल हाच गुलमोहर आहे, आणि प्वॅंसीने राज्य केलं ते बेट म्हणजे आजचं सेंट किट्सच. दोन गोष्टी शेजारी आल्या की कोणीही म्हणणार, गव्हर्नरने झाड आणलं असेल.

आणखी एक घोळ टाळा. डिसेंबरमध्ये नर्सरीत लाल पानांची जी पॉइन्सेटिया मिळते तिचा प्वॅंसीशी संबंध नाही. ते नाव जोएल पॉइन्सेट या मेक्सिकोतल्या अमेरिकन राजदूताचं. पाटी छापणारे शुद्धलेखन सुधारायच्या नादात एकाचं दुसरं करून टाकतात, प्रूफ हाताने तपासा.

पाट्या लावणाऱ्याला ओळखीसाठी: शंकासूर दोन-तीन मीटरचं झुडूप, कोवळ्या फांदीवर काटे, पुंकेसर फुलाच्या खूप बाहेर आलेले, शेंग बोटभर लांब. गुलमोहर मोठा वृक्ष, काटे नाहीत, शेंग हातभर, लाकडासारखी कडक तलवार. फुलं नसतानाही शेंगेवरून चुकत नाही.

---

दफ्तरखाना_बेलापूर | शनिवार, रात्री ९:४८

झाडपाला यांनी फुलाचं लिहिलं, मी माणसाचं लिहितो. लांब होईल, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कारकिर्दीच्या क्रमातच आहे.

पूर्ण नाव फिलिप द लोंव्हिलिये द प्वॅंसी, जन्म १५८४. म्हणजे तुमच्या मजकुरातलं ‘सोळाव्या शतकातील’ काढा. जन्म सोळाव्यातला, कारकीर्द अख्खी सतराव्या शतकातली. उच्चार ‘पॉइन्सी’ इंग्रजी वळणाचा आहे, फ्रेंच ‘प्वॅंसी’ असा करतात. तो सेंट जॉनच्या नाइट संघातला, ज्यांचं मुख्यालय १५३० पासून माल्टात होतं. नाइट असल्याने अविवाहित, आणि पेशाने आरमारी अधिकारी.

आता तीन मालकांचा गुंता.

*पहिला मालक, कंपनी.* १६३५ मध्ये फ्रान्सचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशलिय याच्या आश्रयाने ‘अमेरिकेच्या बेटांची कंपनी’ उभी राहिली. बेटं तिच्या ताब्यात, महसूल तिचा. सँ-क्रिस्तॉफ, म्हणजे सेंट किट्स, ही तिची मूळ वसाहत. बेट अवघं १७० चौरस किलोमीटरच्या आसपास, मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. त्यातही अर्धं इंग्रजांचं. १६२७ च्या वाटणीत दोन्ही टोकं फ्रेंचांकडे (उत्तरेला कापेस्तेर, दक्षिणेला बास्तेर) आणि मधला भाग इंग्रजांकडे गेला. मिठागरं सामाईक. या नकाशाने प्वॅंसीची पुढची प्रत्येक चाल ठरवली, कारण फ्रेंच प्रदेशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जमिनीवरून जायचं तर इंग्रजांच्या हद्दीतून जावं लागे.

*दुसरा मालक, राजा.* वसाहतीचा संस्थापक देनाँब्युक १६३६ च्या अखेरीस वारला. १६३८ मध्ये कंपनीने प्वॅंसीला सँ-क्रिस्तॉफपुरतं नेमलं, आणि तेराव्या लुईने त्याला सगळ्या फ्रेंच बेटांवर आपला लेफ्टनंट-जनरल केलं. दोन्ही सनदा तीन-तीन वर्षांच्या. १६३९ च्या सुरुवातीला तो तिथे पोचला. म्हणजे ‘कंपनीने नेमलं’ आणि ‘राजाने नेमलं’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. एक सनद बेटाच्या कारभाराची, दुसरी सगळ्या बेटांवरच्या लष्करी अधिकाराची. कंपनीने आपली सनद काढून घ्यायची म्हटलं की तो राजाची पुढे करणार, आणि पॅरिसहून राजाचं पत्र आलं की म्हणणार, बेटावरचे लोक माझ्या बाजूने आहेत.

आल्या आल्या त्याने तंबाखूचा प्रश्न हाती घेतला. बेटांवर तंबाखू हीच मालमत्ता आणि तेच चलन, कर आणि कर्ज तंबाखूच्या वजनी पौंडात मोजलं जाई. पीक इतकं झालं की युरोपात भाव कोसळला. १६३९ मध्ये त्याने इंग्रज गव्हर्नर वॉर्नर याच्याशी ठरवलं की दोन्ही बाजूंनी १८ महिने तंबाखू लावायची नाही. एकट्या फ्रेंचांनी थांबवून उपयोग नव्हता, शेजारच्या इंग्रजी मळ्यातला माल त्याच बाजारात जाणार होता. या बंदीनंतर कापूस, नीळ, आलं आणि हळूहळू ऊस वाढला.

*बंड.* रिशलिय १६४२ च्या डिसेंबरात गेला, तेरावा लुई १६४३ च्या मेमध्ये. गादीवर चार वर्षांचा चौदावा लुई, कारभार राजमातेकडे. मधल्या काळात प्वॅंसी कंपनीला महसूल नीट पोचवत नव्हता. मुदत संपल्यावर कंपनीने आणि राजमातेच्या दरबाराने १६४५ मध्ये पात्रोक्ल द त्वाझी याला नवा लेफ्टनंट-जनरल नेमलं. नोव्हेंबर १६४५ मध्ये त्वाझी सँ-क्रिस्तॉफच्या किनाऱ्याला आला. प्वॅंसीने त्याला जहाजातून उतरूच दिलं नाही.

त्वाझी ग्वादलूपला गेला. जानेवारी १६४६ मध्ये त्याच्या बाजूने मार्टिनिकचा गव्हर्नर द्यु पार्के सँ-क्रिस्तॉफवर उतरला, कापेस्तेरमध्ये प्वॅंसीचे दोन पुतणे पकडले. प्वॅंसीने इंग्रजांची मदत घेऊन बंडाळी मोडली आणि द्यु पार्केलाच कैद केलं. त्वाझीची बाजू घेतली म्हणून कापुसिन पाद्री बेटाबाहेर काढले. ग्वादलूपचा गव्हर्नर ऊएल यानेही पुढे त्वाझीला थारा दिला नाही. तो मार्टिनिकला गेला, तर तिथल्या वसाहतवाल्यांनी १६४७ च्या जानेवारीत त्यालाच प्वॅंसीच्या हवाली केलं, बदल्यात आपला द्यु पार्के सोडवून घेतला. प्वॅंसीने राजाच्या अधिकृत प्रतिनिधीला जहाजात घालून फ्रान्सला परत पाठवलं. त्यानंतर फ्रान्समध्ये १६४८ पासून फ्रोंदची यादवी सुरू झाली आणि त्याला हटवायला कोणाला सवड राहिली नाही.

*तिसरा मालक, माल्टा.* कंपनी कर्जात बुडाली आणि बेटं विकायला काढली. ग्वादलूप १६४९ मध्ये ऊएल आणि त्याच्या मेव्हण्याकडे, मार्टिनिक, सेंट लुशिया आणि ग्रेनाडा १६५० मध्ये द्यु पार्केकडे गेली. प्वॅंसीने वेगळी वाट काढली. त्याने आपल्या नाइट संघाला खरेदीला उभं केलं. २४ मे १६५१ रोजी संघाने सँ-क्रिस्तॉफ, सेंट क्रॉय, सेंट बार्थेलेमी आणि सेंट मार्टिन ही बेटं १,२०,००० लिव्हरना (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतली. १६५३ मध्ये चौदाव्या लुईने मान्यता दिली. अट अशी: सार्वभौमत्व राजाचं, वहिवाट संघाची, आणि फ्रान्सच्या गादीवर नवा राजा बसला की १,००० एक्यू किमतीचा सोन्याचा मुकुट नजराणा. एक एक्यू म्हणजे तीन लिव्हर. आपल्याकडे १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला सोन्याच्या नाण्यांत १० पौंड (चलन) भाड्याने दिलं, त्याच जातीचा व्यवहार.

संघाने का घेतलं? नियम असा की नाइट मेला की त्याची मालमत्ता संघाकडे जमा होते, त्याला पाचवा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो. प्वॅंसीचा वाडा, मळे, कारखाने पुढेमागे संघाचेच होणार होते. तो वारला तेव्हा मालमत्तेसोबत कर्जाचा डोंगरही आला. १६६५ मध्ये संघाने सगळी बेटं नव्या फ्रेंच वेस्ट इंडिया कंपनीला ५,००,००० लिव्हरना विकली.

तर पाटीसाठी उत्तर: कंपनी आणि राजा यांनी नेमला, १६४५ नंतर कोणाचंच न ऐकता राहिला, १६५१ पासून माल्टाच्या नाइट संघाच्या वतीने. मृत्यू ११ एप्रिल १६६०, बेटावरच, अधिकारावर असतानाच. सलग २१ वर्षं.

---

पारिजात_नेरुळ | रविवार, सकाळी ८:३०

दोघांचेही मनापासून आभार. शतक, झाड आणि नाव तिन्ही चुकलं होतं. दोन शंका. ‘प्वॅंसीने सेंट मार्टिन बेटाची वाटणी केली’ असं एका ठिकाणी आहे, ते खरं का? आणि हे ‘पुतणे’ खरंच पुतणे की भाचे? इंग्रजी मजकुरात कळत नाही.

---

दफ्तरखाना_बेलापूर | रविवार, सकाळी ११:१०

दुसरी शंका फार चांगली. फ्रेंचमध्येही पुतण्या आणि भाचा यांना एकच शब्द आहे, त्यामुळे मराठीत लिहिताना आडनाव बघावं लागतं. रोबेर द लोंव्हिलिये याचं आडनाव प्वॅंसीचंच आहे, म्हणून मी पुतण्या म्हटलं. उलट द्यु पार्केला ‘देनाँब्युकचा पुतण्या’ म्हटलेलं सर्रास दिसतं, ते चूक. देनाँब्युकचं घराणं ब्लॅं, द्यु पार्केचं द्येल. आई देनाँब्युकची बहीण, म्हणजे तो भाचा.

सेंट मार्टिनचा तह २३ मार्च १६४८ चा. त्यावर फ्रेंचांच्या बाजूने सही याच रोबेरची, डचांच्या बाजूने मार्टिन थॉमसची. प्वॅंसी स्वतः तिथे नव्हता, पण माणूस त्याने पाठवला होता. तहात जमिनीची वाटणी आहे, आणि मिठागरं, मासेमारी, शिकार दोघांना सामाईक. सँ-क्रिस्तॉफवरचा अनुभवच इथे उतरवलेला दिसतो. ती वाटणी थोड्याफार फरकाने आजही चालू आहे, उत्तर भाग फ्रेंच, दक्षिण भाग डच.

त्याच वर्षी त्याने सेंट बार्थेलेमीवर पहिली वसाहत पाठवली, १६५० मध्ये सेंट क्रॉय स्पॅनिशांकडून घेतलं. १६५१ च्या खरेदीखतात सँ-क्रिस्तॉफखेरीज तीन बेटं आली ती त्याने आधीच्या तीन वर्षांत माणसं पाठवून जमवली होती म्हणून.

एक प्रयोग त्याच्या अंगावर उलटला. १६४० मध्ये त्याने ले व्हासर नावाच्या प्रॉटेस्टंट लष्करी अभियंत्याला तोर्त्युगा बेटावर पाठवलं. सँ-क्रिस्तॉफवरचे प्रॉटेस्टंट दूर जातील आणि नवं बेटही मिळेल, असा दुहेरी हेतू. ले व्हासरने खडकावर किल्ला बांधला, आत पाण्याचा झरा, वर तोफा, आणि मग प्वॅंसीलाच जुमानेनासा झाला. प्वॅंसीने पॅरिसशी जे केलं तेच ले व्हासरने प्वॅंसीशी केलं. त्याला हटवायला शेवटी १६५२ मध्ये फोंतने हा नाइट रवाना झाला, पण तो पोचेपर्यंत ले व्हासरला त्याच्याच साथीदारांनी मारलं होतं.

तारखांचं एक. इंग्रजी कागदात त्या काळच्या तारखा फ्रेंच तारखेपेक्षा १० दिवस मागे असतात, कारण इंग्लंडने नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या तर आधी हा फरक लावून बघा.

---

येऊर_वाट | रविवार, दुपारी ४:२५

चौथ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलं नाही. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

नाव घाला, पण त्याच्या कारभाराचा अर्थ काय होता तो एका वाक्यात घाला. प्वॅंसी आला तेव्हा बेटावर दोन प्रकारचे कष्टकरी होते: फ्रान्समधून ३६ महिन्यांच्या कराराने आलेले मजूर, ज्यांना ‘छत्तीस महिनेवाले’ असंच म्हणत, आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. ऊस वाढला तसे दुसरे वाढले.

त्याचं कारण उसाच्या कामातच आहे. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो आणि साखर धरत नाही. म्हणजे तोडणी सुरू झाली की चरक रात्रंदिवस चालणार. त्यांचा चरक उभ्या तीन लाटांचा, बैलांनी फिरणारा. एकजण ऊस आत घालणार, पलीकडचा चोयट्या परत दुसऱ्या फटीतून देणार. रात्रीच्या कामात झोप लागून हात लाटांत जाणं ही साखरेच्या बेटांवरची नेहमीची दुर्घटना. आपल्या गुऱ्हाळावर एक काहील असते, तिथे भट्टीवर तांब्याच्या कढयांची रांग: मोठीतून लहानीत रस पळ्यांनी ओतत न्यायचा, शेवटची सर्वांत लहान आणि सर्वांत तापलेली. मग मातीच्या निमुळत्या साच्यांत भरून काकवी खालच्या भोकातून आठवडेच्या आठवडे निथळू द्यायची. एवढं भांडवल आणि चोवीस तास माणसं तीन वर्षांच्या कराराच्या मजुरांवर निभत नव्हती. मळेवाल्यांनी आयुष्यभराची सक्ती निवडली.

प्वॅंसीचा स्वतःचा वाडा बास्तेरच्या वरच्या डोंगरउतारावर, १६४०च्या दशकात बांधलेला. अनेक मजली, दगड-विटांचा, बागा आणि कारंजं असलेला. पुढे तो भूकंपात पडला. त्याच्या शेजारीच गुलामांच्या झोपड्यांची वस्ती होती, तिला फ्रेंच ‘अंगोलाचं शहर’ म्हणत. वाड्याच्या जुन्या चित्रात ती वस्ती तटबंदीलगत काढलेली दिसते. चित्राची छपाई लहान असली की हाच कोपरा कापला जातो. क्यूआर कोडच्या पानावर चित्र टाकणार असाल तर अख्खं टाका.

आणि १६३९ चा नोव्हेंबर, म्हणजे त्याचं पहिलंच वर्ष. कापेस्तेरमधले साठाहून अधिक गुलाम बायकामुलांसह डोंगरावर पळाले आणि कड्याच्या आधाराने तळ बांधून राहिले. प्वॅंसीने ५०० माणसं पाठवली. पकडलेल्यांपैकी कित्येकांना जिवंत जाळलं, म्होरक्याच्या देहाचे तुकडे करून दहशतीसाठी टांगले. तंबाखूचा शहाणा करार आणि हे, दोन्ही त्याच वर्षातलं, त्याच माणसाचं. पानावर एक लिहून दुसरं गाळू नका.

बेटाचे मूळ रहिवासी कालिनागो. सँ-क्रिस्तॉफवरून त्यांना फ्रेंच-इंग्रजांनी मिळून प्वॅंसीच्या आधीच, १६२६ मध्ये, कत्तल करून हुसकलं होतं. ३१ मार्च १६६० रोजी ग्वादलूपला ऊएलच्या घरी करार झाला, त्यात डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट ही दोन बेटं कालिनागोंना सोडली. प्वॅंसी त्यानंतर ११ दिवसांनी वारला.

शंकासुराबद्दलही एक नोंद आहे. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार आणि कीटक-अभ्यासक बाईने सुरिनाममध्ये पाहिलं ते १७०५ मध्ये छापलं: गुलाम स्त्रिया आपलं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून या झुडपाच्या बियांनी गर्भ पाडत. ज्या फुलाला गव्हर्नरचं नाव मिळालं त्याचा त्या बायांनी केलेला हा उपयोग. हे लिहिलंच पाहिजे, असं मला वाटतं.

---

झाडपाला_ठाणे | रविवार, संध्याकाळी ६:५०

येऊर_वाट यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त शेवटची नोंद पाटीवर नको, क्यूआर कोडच्या पानावर घ्या. पाटी झाडाशेजारी लहान मुलांच्या उंचीवर असते आणि शंकासुराच्या शेंगा त्यांच्या हाताला लागतात. ‘या बिया अमुक कामाला वापरत’ असं तिथे लिहिलं की कोणी तरी करून बघेल. पाटीवर एवढंच: ‘बिया विषारी, तोंडात घालू नयेत.’

पाटीच्या कामाचं. सनबोर्ड वापरू नका, आपल्याकडच्या पावसात कडेने पाणी पिऊन फुगतो. ३ मिमी ॲल्युमिनियम कंपोझिट पत्रा घ्या, त्यावर यूव्ही छपाई. लाल अक्षरं टाळा, उन्हात लाल सगळ्यात आधी उडतं. पांढऱ्यावर काळं टिकतं. ए-४ आकारात ७० शब्दांना २४ पॉइंटचा टाइप बसतो, त्याखाली जाऊ नका.

खोडात खिळा अजिबात नाही. गुलमोहराचं लाकूड मऊ, भोकातून पाणी आणि बुरशी आत जाते, आणि त्याची मुळं उथळ असतात, आधीच वाऱ्यात पडणारं झाड. तारेचा फासही नको, खोड जाड होताना तार सालीत रुतते. बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब लोखंडी खुंटावर पाटी उभी करा. खुंट ठोकताना मूळ लागलं तर जागा बदला, मूळ तोडू नका. शंकासुराला तर खोडच नाही, त्याला खुंटाशिवाय पर्याय नाही.

---

पारिजात_नेरुळ | सोमवार, रात्री १०:०५

समितीला नवीन मजकूर दिला. एकदा नजर टाका.

‘गुलमोहर. शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया. मूळ मादागास्कर. १८२९ मध्ये पॉइन्सियाना रेजिया या नावाने वर्णन प्रसिद्ध झाले; ‘पॉइन्सियाना’ हे नाव आधी शंकासुराचे होते. चार लाल पाकळ्या आणि पाचवी रेघांची पांढरट-पिवळी, खाली पडलेल्या फुलात पाहा.’

‘शंकासूर. शास्त्रीय नाव सिसॅल्पिनिया पल्चेरिमा. मूळ अमेरिकेचा उष्ण प्रदेश. जुने नाव पॉइन्सियाना, फिलिप द लोंव्हिलिये द प्वॅंसी (१५८४–१६६०) याच्यावरून. हा १६३९ पासून मृत्यूपर्यंत सँ-क्रिस्तॉफ (आजचे सेंट किट्स) बेटाचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात तेथे ऊस आणि आफ्रिकी लोकांची गुलामी आली. बिया विषारी, तोंडात घालू नयेत.’

---

दफ्तरखाना_बेलापूर | सोमवार, रात्री ११:२०

एकच शब्द. ‘आली’ नको, ‘वाढली’ करा, आणि वाक्य ‘त्याच्या काळात तेथे उसाची लागवड आणि तिच्यासाठी आफ्रिकी लोकांची गुलामी वाढली’ असं जुळवून घ्या. गुलामी त्याच्या आधीपासून होती. बाकी छापायला द्या.